आधी उत्तर, मग घोट

बाईंच्या घरी दारू मिळायची, पण त्याआधी तोंडी परीक्षा द्यावी लागायची.

मिळायची म्हणजे विकत नव्हे, आणि भरपूर तर नव्हेच. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे झाकण असतं, तेवढीच. जांभळाची, करवंदाची, काजूच्या बोंडांची. एका वर्षी चिकूची केली होती, ती कुणालाच आवडली नाही, खुद्द बाईंनाही नाही. झाकण काठोकाठ भरून समोर ठेवायच्या आणि आपण हात पुढे केला की म्हणायच्या, "थांब गो. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना मजुरी काय मिळायची?" पाव आणि बिअर, असं उत्तर आलं तर झाकण आपलं. नाही आलं तर बाई शांतपणे ते स्वतः पिऊन टाकायच्या आणि उत्तर सांगायच्या. आमच्या कंपनीतले एक मोठे साहेब एकदा त्यांच्याकडे कौतुकाने आले होते. त्यांना एकही उत्तर आलं नाही. त्या दिवशी बाईंचे गाल चांगलेच लाल झाले होते, आणि साहेब कोकम सरबत पिऊन परत गेले.

मी मूळची पेणची. धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले. शिफ्टची नोकरी, रोज पेणहून येऊन-जाऊन जमेना, म्हणून अष्टमीत खोली शोधली. पूल ओलांडला की रोहा, त्यामुळे सोय होती. आईने एकच विचारलं, "घर कुणाचं?" मी म्हटलं, "रिटायर्ड शिक्षिकेचं. इतिहास शिकवायच्या. त्या आणि त्यांचे मिस्टर, दोघंच असतात. मुलगी लग्न होऊन नाशिकला." आई निर्धास्त झाली. इतिहास शिकवणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली काय मांडलेलं असतं, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

ओट्याखाली चिनी मातीच्या बरण्या होत्या. तोंडाला दादरा बांधलेला आणि पोटावर चिकटपट्टीवर लिहिलेली नावं. लोणच्याच्या बरणीवर आपण "कैरी, गोड" असं लिहितो. बाईंनी लिहिलं होतं, "सातवाहन", "शिलाहार", "यादव". सातवाहन म्हणजे जांभूळ, कारण ते सगळ्यात जुनं आणि टिकाऊ. शिलाहार करवंदाचं, कारण दोघंही अस्सल कोकणचे. यादव काजूच्या बोंडांचं. का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "द्वारकेचे यादव दारू पिऊन आपसात मारामारी करून संपले. हे पिऊन बघ, डोक्यात तेच होतं."

माझी आई पहिल्यांदा मला भेटायला आली तेव्हा मला बरण्यांचीच धास्ती होती. आईचे गुरुवार, संकष्ट्या, एकादश्या, सगळं कडक. ती पिशवीभर पोह्याचे पापड घेऊन आली आणि बाईंच्या स्वयंपाकघरात ऐसपैस बसली. बाईंनी पापड भाजायला घेतले आणि अगदी सहज विचारलं, "ताई, बाळंतपणात दशमूलारिष्ट घेतलं होतंत का?"

"घेतलं की. सासूबाईंनी बाटल्यांची रांग लावली होती."

"त्यात दारू असते हो. वरून घातलेली नाही. आंबवलं की आपोआप तयार होते. आसव म्हणा, अरिष्ट म्हणा, काम तेच."

आई हातातला पापड तसाच धरून बसली. मला वाटलं, आता ही माझं सामान बांधायला घेणार. पण ती बराच विचार करून म्हणाली, "तरीच! त्या दिवसांत मी सासूबाईंना उलट बोलायचे. नंतर कधी हिंमत झाली नाय."

बाई इतक्या हसल्या की पापड जळला. मग त्यांनी आईला सातवाहनाचं झाकण भरून दिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आईने ते घेतलं. प्रश्न विचारला नाही. आधीच उत्तर दिलंय, असं बाईंचं म्हणणं होतं.

बाई उंच, सडपातळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. साडी नेहमी इस्त्रीची आणि पदरावर नेहमी जांभळाचा एक तरी डाग. बोलायला लागल्या की समोरच्याला वर्गात बसल्यासारखं वाटायचं. शाळेत असताना एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली होती, की बाई वर्गात दारू शिकवतात. बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं, "दारू नाही सर, मौर्यांचा कारभार शिकवते. त्यांच्याकडे सुराध्यक्ष नावाचा अधिकारी होता. आता त्याचं काम काय होतं ते सांगताना मी दूध म्हणू का?" तक्रार तिथेच मिटली, पण शाळेत त्यांचं नाव मात्र सुराध्यक्ष पडलं. ते त्यांना आवडायचं.

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे एक शिक्षाच. ताडाचं झाड दिसलं की थांबायच्या. "सकाळी उतरवली की नीरा, दुपारपर्यंत ठेवली की ताडी. झाड एक, मडकं एक. मधे फक्त ऊन." मोहाचं झाड दिसलं की मात्र आवाज चढायचा. "इंग्रजांच्या वेळी आपल्या कुलाबा जिल्ह्यात मोहाची फुलं गोळा करायला बंदी होती. फुलं गो, फुलं! साहेबाची ब्रँडी बोटीने यायची ती सभ्य, आणि कातकऱ्याच्या अंगणात वाळत घातलेलं फूल गुन्हेगार." एकदा असं बोलताना त्यांनी भर बाजारात एका पोलिसाचा हात धरला होता. तो बिचारा भाजी घ्यायला आला होता. समुद्र दिसला की, चौलसारख्या बंदरांतून रोमची दारू रांजणांनी उतरायची, हे ठरलेलं. मी पुढे पुढे चौलचं नाव निघालं की विषय बदलायला शिकले होते.

आणि आप्पा. बाईंचे मिस्टर.

आप्पा म्हणजे बाईंच्या बरोबर उलट. बोलणं मोजकं, तेही मान खाली घालून. गाव खांबचं, शेतकरी घर. आधी कंपनीत ऑपरेटर होते. नोकरी सुटल्यावर घरचं बघायचे आणि भाताच्या दिवसांत खांबला जाऊन यायचे. बरण्यांचं सगळं कष्टाचं काम त्यांचं. जांभळं चोळायची, बिया काढायच्या, गाळायचं, दादरे धुवायचे. त्या दिवसांत त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे असायचे. रोज सकाळी उठले की ते ओट्यापुढे उकिडवे बसायचे आणि एकेका बरणीला कान लावायचे. आत आंबत असलं की बारीक आवाज येतो. "बोलतंय," असं म्हणाले की आणखी थांबायचं. "गप झालं," म्हणाले की बाटल्यांत भरायचं. एकदा ते पेरणीला खांबला गेले असताना बाईंनी स्वतःच्या अकलेने करवंदाचं घाईने बाटलीत भरून बूच घट्ट लावलं. तिसऱ्या प्रहरी शिलाहारांचा असा काही स्फोट झाला की शेजारच्या घरातून गॅस बंद करा म्हणून ओरडा झाला. छतावरचा डाग मी खोली सोडेपर्यंत तसाच होता.

पण आप्पा स्वतः कधी झाकणभरही घेत नसत. मला वाटलं, देवाधर्माचं काही असेल. मग एका संध्याकाळी बाईंनीच सांगितलं, भाजी निवडता निवडता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतायत.

आप्पा प्यायचे. खूप. कंपनीतून सुटले की रोह्यातून पूल ओलांडून घरी यायला त्यांना अर्धी रात्र लागायची. बाईंनी सगळे उपाय केले. बाटल्या मोरीत ओतल्या, कपाटांना कुलपं लावली, किल्ल्या पदराला बांधल्या. "मी शिक्षिका राहिलेच नव्हते गो, हवालदार झाले होते. आणि कुलूप लावलं की घरातला माणूस चोर होतो. तो चोर झाला, हे मला सहन होईना." शेवटी आप्पांचं पोट इतकं बिघडलं की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता घेतली तर संपलं. आप्पा इस्पितळातून आले ते सोडूनच आले. त्यानंतर थेंब नाही.

"मग तुम्हाला दारूचा राग नाही आला?" मी विचारलं.

"आला की. इतका आला की म्हटलं, जिने माझ्या संसारात येऊन एवढं केलं, तिचं घराणं तरी बघू. म्हणून वाचायला लागले. आणि वाचता वाचता काय झालं माहितीय? राग गेला. माणूस जिथे जिथे गेला तिथे तिथे ही त्याच्याबरोबर गेली. लग्नात, मयतात, देवाच्या पुढ्यात. ती वाईट नाही, ती जुनी आहे." त्या थोडं थांबल्या. "मग करून बघावंसं वाटलं. यांना विचारलं. हे म्हणाले, कर, मी नाय पिणार. मी विश्वास ठेवला. त्या दिवशी घरातली सगळी कुलपं काढली."

हे मला वेडेपणाचं वाटलं, आजही वाटतं. दारू सुटलेल्या माणसाच्या ओट्याखाली बरण्या ठेवायच्या, आणि त्याच्याकडूनच त्या राखून घ्यायच्या! मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "विश्वासाला बघायला काहीतरी लागतं गो. रिकाम्या घरात विश्वास कुणीही ठेवील."

त्या वर्षी आप्पांचे थोरले भाऊ खांबला वारले, आणि राखणीचा प्रश्न आला.

त्यांच्या शेताच्या बांधावर ऐनाच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. तो शेताचा राखणदार. भात कापून झालं की त्याला कोंबडा, नारळ आणि दारूची धार द्यायची, ही घराची रीत. धार घरातल्या कर्त्या पुरुषाने घालायची. पानाच्या द्रोणात दारू घ्यायची, थोडी देवावर ओतायची, मग धार घालणाऱ्याने द्रोणाला पहिला ओठ लावायचा. त्यानंतर बाकीच्यांनी प्रसाद घ्यायचा. आजवर हे सगळं थोरल्या भावाने केलं. आप्पा दारू सोडल्यापासून राखणीला जातच नसत. आता कर्ते तेच.

थोरल्या भावाचा मुलगा बोलावणं करायला अष्टमीला आला. हायवेला त्याचं गॅरेज आहे, बोलायला गोड माणूस. चहाचा कप हातात धरून म्हणाला, "काका, तुम्हीच यायचं. तुमच्याबिगर धार कोण घालणार?"

उत्तर बाईंनीच दिलं. "येतील, पण दारू नको. नारळाचं पाणी घालतील."

"काकी, राखणीला नारळाचं पाणी?"

"दूध घाला. ताजी नीरा घाला. अरे, पूर्वी देवाला जे घरात पिकायचं तेच द्यायचे. ही बाटलीतली दारू आत्ता आत्ता आली. हजारो वर्षं देव काय उपाशी होता का?" आणि बाई सुरू झाल्या. पार जुन्या सुमेर देशापासून सुरू झाल्या. बिअरची देवी, सोमरस, सुरा, सगळं आलं.

पुतण्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकी, ते शाळंतलं झालं. आमचा देव शाळंत नाय गेला. आणि काकांनी प्यायची नायच हाय. ओठाला लावायची फक्त. घोट पण नाय."

"ओठाला लावायची फक्त," बाई म्हणाल्या. आप्पांनी कप उचलून मोरीत नेऊन ठेवला आणि तिथूनच म्हणाले, "येतो."

त्यानंतरचे दिवस त्या घरात वाईट गेले. बाई प्रश्न विचारेनात. मी एकदा मुद्दाम झाकण मागितलं, तर त्यांनी गुपचूप भरून दिलं. मी ते तसंच ओट्यावर ठेवलं. एका संध्याकाळी त्या बाजारातून आल्या. भाजीच्या पिशवीतून कोथिंबीर काढताना एक नवीन कुलूप ओट्यावर पडलं. आम्ही दोघींनी ते पाहिलं. बाईंनी ते उचललं, पुन्हा पिशवीत टाकलं आणि खुर्चीत बसल्या.

"मी घाबरलेय गो," त्या म्हणाल्या. "एवढं वाचलं, एवढं बोलले. आणि एका द्रोणाला घाबरलेय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? त्या म्हणाल्या, "रविवारी तुला सुट्टी आहे ना? तू चल आमच्याबरोबर. तू असलीस की मी आरडाओरडा करणार नाही."

रविवारी आम्ही रिक्षा करून खांबला गेलो. वाटेत ताडाची झाडं आली, मोहाची आली, बाईंनी मान वळवून पाहिलंही नाही. आप्पांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. गावच्या घरून आम्ही शेतावर निघालो, पण राखणीच्या जागेपाशी बायका जात नाहीत. म्हणून आम्ही दोघी एक बांध अलीकडे थांबलो. भात कापून झालेलं होतं, खुंटं पायाला टोचत होती. ऐनाखाली आठदहा पुरुष जमलेले स्पष्ट दिसत होते, बोलणंही ऐकू येत होतं. फक्त मधे पडायची सोय नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवणाऱ्या बाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या.

कोंबडा झाला, नारळ फुटला. पुतण्याने द्रोण आप्पांच्या हातात दिला आणि पिशवीतून बाटली काढली. हातभट्टीची, चांगली मोठी. मंडळी थोडी पुढे सरकली. काही जणांनी आपापले ग्लास काढले. राखणीला माणसं भक्तीने येतात ती काही नुसत्या देवासाठी नव्हे.

"काका, ओता," पुतण्या म्हणाला.

आप्पांनी द्रोण खाली ठेवला आणि बाटलीच हातात घेतली. बूच काढलं. देवाला नमस्कार केला आणि धार धरली. दगडावरून दारू खाली ओघळायला लागली. पुतण्या म्हणाला, "बास काका, बास झाली." आप्पा थांबले नाहीत. "अवो काका, प्रसादाला ठेवा की!" मागून एक जण कळवळून ओरडला, "आप्पा, समदी नको वो!" आप्पांनी बाटली आणखी तिरकी केली. ती गुडगुड आवाज करत रिकामी होत गेली. शेवटी त्यांनी ती पूर्ण उलटी करून झटकली, आणि शेजारी ठेवून दिली.

"देवाची होती, देवाला दिली," ते म्हणाले.

माणसं हातातल्या रिकाम्या ग्लासांकडे पाहत होती. मग त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा बोळक्या तोंडाने हसायला लागला. "यंदा राखणदार काय उठत नाय बाबा चार दिस," असं म्हणाला, आणि पुतण्यालाही हसू आलं. नारळाचे तुकडे वाटले गेले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मी बाईंकडे वळून म्हटलं, "बाई, बघितलंत? जिंकले आप्पा!" बाई बांधावर बसून रडत होत्या.

आप्पा आमच्याकडे आले ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून. हात ओले होते. वास माझ्यापर्यंत येत होता. "पाणी हाय का गो?" त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी पाण्याची बाटली काढली, पण त्यांचे हात धुवायच्या आधी धरले.

"थोडी ठेवली असती तर घेतली असती मी," ते म्हणाले. "म्हणून समदी ओतली."

"झालं ना आता," बाई म्हणाल्या. "संपलं ते."

आप्पांनी मान हलवली. "संपत नाय गो. रोज असतं. घरी बरण्यांपाशी बसतो तवा पण असतं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "रोज?"

"रोज."

"अहो, मग बोलला का नाही? मी एक बरणी ठेवली नसती घरात!"

"तू किती खुशीत असतेस त्या बरण्या मांडून," आप्पा म्हणाले. "मी तुला लई वर्षं रडताना बघितलंय. तवा म्हटलं, ऱ्हाऊ दे. जमतंय तवर जमतंय."

मी तिथून थोडी बाजूला झाले. बाई बराच वेळ नुसतं त्यांच्या हातांवर पाणी ओतत राहिल्या. बाटली संपली तरी हात सोडले नाहीत. मग म्हणाल्या, "घरी गेल्यावर मोरीत ओतून देते सगळं."

"नको. पुन्हा ओतायचं सुरू नको."

"मग मी काय करू? सांगा तुम्ही."

असलं काही सांगायची आप्पांना सवयच नव्हती. बाईंनीच मग हळू विचारलं, "रोज मला सांगाल? आज किती वाटलं ते? मी काही बोलणार नाही. ऐकेन फक्त."

मी त्या खोलीत पुढे आणखी काही वर्षं राहिले. बरण्या राहिल्या, पण आप्पांनी सांगितल्यावरून मागच्या पडवीत गेल्या, आणि गाळायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी दिवा लागला की बाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज?" आप्पा बाहेरच्या बाकावरून म्हणायचे, "आज कमी." बहुतेक दिवशी कमीच असायचं. पण कधीकधी "आज लई" असं उत्तर यायचं. तसं आलं की बाई गॅस बंद करायच्या, हात पुसायच्या आणि बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसायच्या. जगातल्या कुठल्याही दारूबद्दल एक अक्षर न बोलता, जेवायची वेळ टळून जाईपर्यंत बसायच्या.